कासवाला वेळेवर यायला सांगा

पूर्वी माणसं फिरायला जायची. आता जबाबदारीनं फिरायला जातात. फरक फार नाही. पूर्वी गाडीच्या डिकीत मिनरल वॉटरचा खोका असायचा; आता खोका तसाच असतो, पण त्याच्या शेजारी स्टीलची एक बाटलीही असते. फोटोत बाटली येते, खोका येत नाही. सात जणांच्या गाडीत दोघं बसतात, मागच्या काचेवर सह्याद्री वाचवण्याचं आवाहन चिकटवलेलं असतं, आणि ताम्हिणीत गाडी थांबवून माकडांना वेफर्स घातले की भूतदयेचं खातंही भरतं.

या जमातीबद्दल माझ्या मनात आकस नाही. (थोडा आहे.) रिसॉर्टच्या खोलीत दोन दिवस पत्ते कुटून 'कोकण मस्त आहे' म्हणत परतणाऱ्यांपेक्षा ही माणसं कधीही बरी. ती वाचून येतात, पैसे मोजतात, कचरा निदान पिशवीत भरून मग टाकतात. माझी तक्रार एवढीच, की त्यांना निसर्गही हवा असतो आणि परंपराही हवी असते, पण दोन्ही गॅरंटी कार्डासकट.

मार्च उजाडला की या मंडळींचे पाय मंडणगड तालुक्यातल्या वेळासकडे वळतात. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण नानांसाठी मुंबईहून एवढी गाडी कोणी हाकत नाही. लोक येतात ते कासवाची पिल्लं बघायला. ऑलिव्ह रिडले जातीची कासवी हिवाळ्यात रात्री वाळूवर चढते, हातभर खड्डा उकरते, शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि मागे वळून न बघता निघून जाते. पुढे दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं आपापली वर येतात आणि समुद्राकडे चालू लागतात. आईची गाठभेट नाही. बाप तर एकदा समुद्रात गेला की परत किनाऱ्याला पाय लावत नाही.

एके काळी ही अंडी माणसं उकरायची, खायची, विकायची, उरलीसुरली कुत्र्या-कोल्ह्यांची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इथं राखणीचं काम सुरू केलं. काम म्हणजे काय, तर अंधारात उठून किनारा चालायचा, वाळूवर कासवीचा माग दिसला की घरटं शोधायचं, अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुरायची आणि तारखेची पाटी लावायची. हे रोज, अख्खा हंगाम. त्यातून पुढे कासव महोत्सव उभा राहिला, घराघरात पाहुणे उतरू लागले, आणि ज्या गावातून माणसं मुंबईला जायची त्या गावात मुंबईची माणसं यायला लागली. यात वाकडं काही नाही. वाकडं सुरू होतं ते फोनवर.

"काकू, कासव नक्की दिसेल ना?"

"दिसलं तर दिसेल हो. पिल्लं वर आली पाहिजेत ना."

"तसं नाही, शनिवारी जास्त येतात का?"

"शनिवारी माणसं जास्त येतात."

"बरं. एसी आहे ना?"

"पंखा आहे."

"जेवणात पनीर?"

"उकडीचे मोदक आहेत."

"मुलं खात नाहीत ओ. आणि समजा कासव नाहीच दिसलं, तर काही कमी होतील का पैसे?"

काकू शांत असतात. हंगामात दिवसाला असे पाच-पन्नास फोन घेतल्यावर माणूस एकतर शांत होतो किंवा फोन समुद्रात टाकतो, आणि समुद्रात प्लास्टिक टाकायचं नाही एवढं वेळासला कळतं.

मग उजाडतो तो शनिवार. सकाळी सातच्या सुमारास किनाऱ्यावर दोरी बांधलेली असते आणि दोरीच्या मागे अख्खी सोसायटी उभी असते. ज्या घरट्यांची वेळ भरत आलेली असते त्यांच्यावर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. कार्यकर्ता एकेक टोपली उचलतो. कधी खाली चाळीस पिल्लं वळवळत असतात, कधी तीन, आणि कधी नुसती वाळू. नुसती वाळू निघाली की तो टोपली परत पालथी घालतो आणि म्हणतो, "संध्याकाळी बघू." गर्दीतून उत्तर येतं, "संध्याकाळी आम्हाला हरिहरेश्वर आहे."

पिल्लं असली तर मात्र गर्दी काही क्षण खरंच गप्प होते. काळपट राखाडी रंगाचं, तळहातापेक्षा लहान, ओल्या वाळूनं माखलेलं ते पोर चार वल्ही आपटत निघतं. मागे वाळूत शिलाई मारल्यासारखी नक्षी उठत जाते. वाटेत कोणाच्या तरी टाचेचा खळगा लागतो. आपल्या हिशेबानं दोन इंच, त्याच्या हिशेबानं दरी. ते आत घसरतं, धडपडत वर येतं, पहिल्या लाटेवर उलटं फेकलं जातं आणि तोंड परत समुद्राकडे करतं. नेमकं तेव्हाच दोरीवर ओणवा झालेला एक बाप ओरडतो, "अहो, त्याला जरा उचलून पुढे ठेवा ना!" स्वतःच्या मुलाला शाळेच्या दारापर्यंत गाडीनं सोडणाऱ्या माणसाला ती पायपीट बघवत नाही. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की ते एवढंसं अंतर स्वतः चाललं म्हणजे किनाऱ्याची ओळख त्याच्यात उतरते, आणि त्या ओळखीच्या जोरावर मादी मोठी झाल्यावर अंडी घालायला याच भागात परतते. परतायला ती मोठी व्हावी लागते, आणि हजारात एखादंच पिल्लू तेवढं जगतं असं मानतात. पण वेळासला येणारा प्रत्येकजण आपण पाहिलेलं पिल्लू तेच, असं समजून घरी जातो.

घरी गेल्यावर ऑनलाइन शेरा पडतो. तीन तारे. मालकीणबाई चांगल्या, मोदक चांगले, कासव नाही.

कासवांच्या बाजूनं एवढंच सांगतो, की त्यांच्याकडून प्रवासात कसूर होत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली टॅग लावलेली एक कासवी २०२५ च्या जानेवारीत आमच्या गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे बंगालच्या उपसागरातून द्वीपकल्पाला वळसा घालून अरबी समुद्रात. अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर. आरक्षण नाही, नाश्ता नाही, 'आधी फोन केला होता' म्हणून वाद नाही. रात्री आली, काम केलं, खड्डा बुजवला, निघाली. जाताना वाळूवर कचरा म्हणावा तर फक्त पावलांचा.

अजून एक गोष्ट तीन ताऱ्यांत येत नाही. वाळू किती तापते यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. वाळू जास्त गरम, तर माद्या जास्त. उन्हाळे असेच चढत राहिले तर 'बेटी बचाओ' ही योजना कासवांमध्ये न राबवताच यशस्वी होईल, इतकी की पुढे नर शोधायची वेळ येईल. आणि आपण? आपण किनाऱ्यावरच्या सुरूच्या सावलीत इंजिन चालू ठेवून, काचा वर करून, आत बसून पिल्लांची वाट बघतो.

एवढ्या गर्दीत 'पहाटे किनारा कोण चालतं आणि त्याला महिन्याला काय मिळतं' हे विचारणारा माणूस शोधावा लागतो. मी काकूंना विचारलं, असं कोणी विचारतं का? त्या म्हणाल्या, "मंगळवारी येणारे विचारतात."

मे संपता संपता हीच यात्रा भंडारदऱ्याकडे सरकते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात, पाऊस धड सुरू व्हायच्या आधी, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे उतरतात. अख्खं झाड उजळतं, विझतं, परत उजळतं. बोलती बंद होते, हे कबूल. पण ती रोषणाई आपल्या स्वागताची नव्हे. नर मादीला खुणावत असतो आणि मादी त्याला उत्तर देत असते, आणि पंख फुटल्यावरच्या दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यात एवढं एकच काम उरकायचं असतं. तुमच्या घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम रंगात आलाय, मुलगा-मुलगी पहिल्यांदाच एकमेकांकडे बघतायत, आणि अंगणात साठ गाड्या येऊन हेडलाइटचा झोत त्यांच्या तोंडावर मारतायत. वर प्रत्येक गाडीतून एकजण उतरून म्हणतोय, "चालू द्या, चालू द्या, आम्ही फक्त फोटो काढतो." जमेल का ते लग्न?

यालाही आपण नाव दिलं महोत्सव. महोत्सव म्हटलं की तंबू आले, तंबू आले की जेवणावळ आली, जेवणावळ आली की जनरेटर आला, आणि जनरेटर आलाच आहे तर स्पीकर का नको? वन विभागानं मग वेळा ठरवल्या, शुल्क लावलं, गोंगाटावर आणि झगमगाटावर निर्बंध घातले. त्यावर जबाबदार पर्यटकाचं म्हणणं असं, की सरकार सामान्य माणसाला निसर्गापासून तोडतंय.

साताऱ्याच्या कासची कथा तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं. त्यातली चार महाराष्ट्रातली: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. बाकीच्या तिघांना वारसा असूनही वारस फारसे भेटले नाहीत, कारण तिथं फुलं गालिचा अंथरून बसत नाहीत. कासवर साडेआठशेच्या आसपास जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. पर्यटकाला त्यातल्या दोनच हव्या असतात, एक जांभळी आणि एक पिवळी.

तर गर्दी आवरेना म्हणून दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन पास आले, आणि फुलं वाचवायला लोखंडी कुंपण आलं. कुंपणानं माणसं थोडीफार अडली, गुरं मात्र पुरती अडली. पिढ्यानपिढ्या त्या सड्यावर चरणारी आसपासच्या गावांची जनावरं आत येईनात, गवत माजलं आणि फुलं घटली अशी ओरड सुरू झाली. शेवटी कुंपण काढायची वेळ आली. म्हणजे फुलांची राखण जी म्हैस फुकटात करत होती तिला आपण हाकललं आणि तिच्या जागी तिकीट काढलेला माणूस सोडला. म्हशीनं फुलांत आडवं पडून रील काढल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

दूधसागरचा इलाज यापेक्षा सोपा निघाला. २०२३ च्या जुलैमध्ये बंदी असताना रुळांवरून धबधबा बघायला निघालेल्या तरुणांना रेल्वे पोलिसांनी तिथल्या तिथं उठाबशा काढायला लावल्या. जबाबदार पर्यटनाचा एवढा झटपट अभ्यासक्रम मी दुसरा पाहिला नाही.

कोकणाला असा अभ्यासक्रम बाहेरून आणायची खरं तर गरज नव्हती. तो देवराईत होता. राईतलं झाडच काय, वाळकी काटकी घरी न्यायची नाही. अडलंच तर देवाला कौल लावायचा. गुरव मूर्तीला कळे चिकटवणार, आणि उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात या राया पालथ्या घातल्या तेव्हा त्यांना दिसलं, की आजूबाजूचा डोंगर उघडा बोडका झाला तरी देवाच्या नावानं राखलेल्या तुकड्यात मूळचं जंगल शिल्लक आहे. चार जणांच्या कवेत न मावणारे बेहडे, मांडीएवढ्या जाड वेली, सातवीण, किंजळ. महाधनेशाला घरट्यासाठी ढोली लागते ती अशाच म्हाताऱ्या झाडाची. मादी त्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपते, एवढीशी फट ठेवते, आणि नर महिनोन्‌महिने फळं आणून भरवतो. तिथं पाटी नव्हती, तिकीट नव्हतं, सुरक्षारक्षक नव्हता. वर भीती होती, ती पुरत होती.

मग गावात पर्यटन आलं आणि देवळाला निधी आला. निधीची एक खोड असते, तो सिमेंटशिवाय खर्च होत नाही. कौलारू देऊळ उतरवलं, लाकडी खांब कुठल्या तरी पडवीत उभे करून ठेवले, वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी, पुढे स्टीलचं रेलिंग, बाहेर पेव्हर ब्लॉक. बस वळायला जागा हवी म्हणून राईच्या कडेची चार झाडं गेली. फक्त चारच. पुढच्या वर्षी दुसरी बस आली, तेव्हा अजून फक्त चार. कौल लावला होता का, असं मी एका ठिकाणी विचारलं. ठेकेदारानं लावला असेल, असं उत्तर मिळालं.

आणि आमचा जबाबदार पर्यटक गाडीतून उतरून म्हणतो, "शी, इथं जुनं काहीच राहिलं नाही. फोटोत तर वेगळं होतं." इथं मात्र मी गावाच्या बाजूनं उभा राहीन. स्वतःच्या हॉलला इटालियन मार्बल घालायचा आणि गावच्या देवीनं शेणानं सारवलेल्या जमिनीवरच बसलं पाहिजे असं म्हणायचं, हा सौंदर्यवाद परवडतो कारण सारवायला आपल्याला जायचं नसतं. गावाला गळकं छप्पर नको होतं, एवढंच. त्याला न गळणारं कौलारू छप्पर कसं करायचं हे सांगणारा सुतार कोणी धाडला नाही, ठेकेदार सगळ्यांनी धाडले.

सरकारी बाजू थोडक्यात. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, देशातला पहिला. मुंबई-गोवा महामार्ग त्या जिल्ह्यापर्यंत पोचायचं काम अजून करतोय. २०११ साली गाडगीळ समितीनं पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिला. त्यात ग्रामसभांना विचारून ठरवा असं होतं. विचारायची वेळ येऊ नये म्हणून २०१३ साली दुसऱ्या समितीचा, कस्तुरीरंगन यांचा, अहवाल आला. त्यानंतर अधिसूचनांचे मसुदे येत राहिले. मसुदा हा आपल्याकडचा सगळ्यात पर्यावरणपूरक प्रकार आहे. त्यानं कोणाचंच काही बिघडत नाही, खाणवाल्यांचंसुद्धा.

आता परंपरेचं. जंगलापेक्षा तिचे हाल जास्त, कारण जंगलाला निदान वन विभाग आहे.

सिंधुदुर्गातल्या जत्रेतला दशावतार बघायचा असेल तर रात्र मोकळी ठेवावी लागते. पालखी फिरून आली, ओट्या भरून झाल्या, की मध्यरात्रीच्या आसपास मृदंग आणि हार्मोनियम लागते. त्याआधी देवळाच्या मागच्या पडवीत डोकवावं. एक दिवा, उघडा पेटारा, हातात आरशाचा तुकडा धरून जो तो स्वतःचं तोंड स्वतः रंगवतोय. शेजारी स्त्रीपार्टीवाला एका हातानं निऱ्या चापतोय आणि दुसऱ्या हातात विडी. लिहिलेली संहिता नाही. आख्यान कुठलं ते ठरतं, आणि पुढचं सगळं उभ्या उभ्या, तोंडाला येईल तसं. आधी संकासूर येणार, काळा अंगरखा, लाल जीभ बाहेर, पोरं किंचाळणार, मग राजा-राक्षस, रडारड, लढाई, आणि उजाडताना दहीकाला. मधे अर्धं गाव चटईवर झोपलेलं असतं आणि युद्धाचा ताल वाजला की उठून बसतं. ज्याला झोप लागली त्याला कोणी हसत नाही.

आमच्या पर्यटकाला हे सगळं हवं असतं, फक्त चाळीस मिनिटांत आणि स्टार्टर व मुख्य जेवणाच्या मधे. त्यामुळे आता रिसॉर्टच्या हिरवळीवर 'कल्चरल ईव्हनिंग' असते. राक्षसाला आधीच सांगितलेलं असतं, तलवारबाजी वाढवा, बोलणं कमी करा, पाहुण्यांना भाषा कळत नाही. बोलणं कमी केलेला दशावतार म्हणजे रंग फासलेल्या माणसांची मारामारी. तिथं पोरं किंचाळत नाहीत, कारण संकासुराच्या गळ्यात हात टाकून त्यांचा फोटो आधीच झालेला असतो. नटाला मी बोल लावणार नाही. जत्रांचा हंगाम कार्तिकापासून वैशाखापर्यंत, पोट बाराही महिने. पण जो गृहस्थ टाळ्या वाजवून 'आपली संस्कृती जपली पाहिजे' म्हणतो, त्याला दीड किलोमीटरवरच्या देवळात त्याच रात्री जत्रा आहे हे सांगून बघा. "पार्किंग आहे का?" हा पुढचा प्रश्न.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. राजाश्रय गेला, लोकाश्रय आटला, तरी एक कुटुंब हे धरून बसलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि मालवणला जाणाऱ्या बसगाड्यांना थांबायला कारण मिळालं. पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगायची ही कला, तिला ऐकणारा मांडी घालून बसलेला लागतो. बसमधून उतरणारा मात्र आधी स्वच्छतागृह विचारतो, मग 'छोटं काही आहे का, फ्रिजला लावण्यासारखं?' असं विचारतो.

यात्रेचा शेवटचा टप्पा म्हणजे जागा. कोकण एवढं आवडतं, एवढं आवडतं, की माणूस त्याचा गुंठा घेऊन जायला बघतो. 'येवा, कोकण आपलाच आसा' हे आदरातिथ्य होतं. ते आम्ही खरेदीखत म्हणून वाचलं. रस्त्याच्या दुतर्फा आता आंब्याच्या मोहोरापेक्षा 'एनए प्लॉट' हे फलक जास्त फुलतात. जेसीबी चढतो तो सड्यावर. कातळावर शेतकरी पीक घेत नाही म्हणून उताऱ्यावर तो पोटखराबा. याच पोटखराब्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हत्ती, मासे, वाघ, माणसं कोरून ठेवली. कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा, की त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. २०२२ साली गोव्यातल्या पणसायमळसकट कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पॅरिसच्या कागदावर वारसा, तलाठ्याच्या कागदावर पोटखराबा, आणि दलालाच्या जाहिरातीत 'सी-व्ह्यू'.

बंगला उभा राहतो. राई तोडून बांधला असला तर त्याचं नाव 'देवराई' असतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्टीत एप्रिल-मेला कित्येक वाड्यांच्या विहिरींचा तळ दिसतो आणि टँकर लागतो. बंगल्याच्या तरणतलावाला तो लागत नाही, कारण त्याची बोअर वाडीच्या विहिरीपेक्षा खोल गेलेली असते. फाटकावर कॅमेरा, आत पावसाचं पाणी साठवण्याची छोटीशी, फोटोजेनिक टाकी. मालक वर्षातून दहा-बारा दिवस येतात आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी पक्ष्यांचे फोटो टाकतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात यंदाच्या शिमग्यात असाच एक बंगला पालखीच्या वाटेवर आला. ग्रामदेवतेची पालखी घराघरात जाते. कुठल्या वाडीत कधी, कोणाच्या अंगणात आधी, याचा मान ठरलेला. बंगल्याची जमीन ज्याच्याकडून घेतली त्याचा मान होता, म्हणून मानकऱ्यांनी मोठ्या मनानं ठरवलं, की पालखी तिथंही थांबवायची. ढोल वाजवत माणसं फाटकाशी आली. फाटकाला आकड्यांचं कुलूप. रखवालदारानं मालकांना पुण्याला फोन लावला. मालक गहिवरले. म्हणाले, येऊ द्या, येऊ द्या, फक्त अर्धा तास थांबवा, ड्रोनवाला निघालाय, महामार्गावर अडकलाय. पालखी खांद्यावर घेऊन अर्धा तास उभं राहायची रीत नाही. फाटकासमोर दोनदा नाचवली, ओटी भरायला शेजारच्या वाडीतली बाई पुढे झाली, आणि पालखी खालच्या अंगाला निघून गेली. रात्री ग्रुपवर मालकांचा निरोप आला. 'फार वाईट वाटलं. उद्या परत आणता येईल का? जो काही खर्च असेल तो मी देतो.'